आठ महिने कोरड्या शहरासाठी सोनसावर

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी – जून ते सप्टेंबर या काळात मीरा-भाईंदरवर सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. अशा शहराला कोरडे म्हटले तर कोणालाही नवल वाटेल. झाडांचा हिशेब मात्र वेगळा असतो. पावसाळा सरला की मे अखेरपर्यंत जमीन तापत राहते आणि गृहसंकुलांच्या आवारातील झाडे नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जगवावी लागतात. पिण्याच्या पाण्यासाठी स्टेम व एमआयडीसीवर विसंबलेल्या शहराला ही चैन परवडणारी नाही.

मूळचा मादागास्करचा गुलमोहर उन्हाळ्याला डगमगत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ आणि विस्तार ऐसपैस. पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोटारींवर कोसळतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला वर्षावृक्ष तर संकुलाच्या चिंचोळ्या आवारात मावतच नाही.

या दोहोंऐवजी विचार करण्याजोगे देशी झाड म्हणजे सोनसावर, अर्थात गणेर. खडकाळ उतारांवरील पानझडी जंगलांत ते आढळते, शहरी बागांत मात्र क्वचितच. काटेसावरीशी त्याचे नाते नावापुरतेच. लिनियसनेही त्याला आधी सावरीच्याच प्रजातीत घातले होते. उंची बेताची असल्याने दोन इमारतींमधील मोकळ्या जागेतही ते सामावते. हिवाळा सरताना सोनसावर सारी पाने गाळते. पानांवाटे होणारे बाष्पीभवन थांबल्याने पाण्याची गरज घटते आणि खोडामुळांतील साठ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये तळहाताएवढी, पाच पाकळ्यांची झळझळीत पिवळी फुले उमलतात. परागकणांसाठी मधमाश्या त्यांच्याभोवती घोंघावत असतात.

अर्थात, ऐन उन्हात हे झाड सावली देत नाही. वाहनतळावर सावलीच हवी असेल तर करंज लावावा. उगाच सोनसावरीला दोष देऊ नये. खाडीलगतच्या, मिठागरांशेजारील खारट जमिनीतही तिचा आग्रह धरू नये. तेथे किनाऱ्यावर सहज वाढणारी भेंड, म्हणजेच पारोसा पिंपळ, अधिक योग्य. तिची पिवळी फुले मावळतीला तांबूस होतात, ही शोभाही काही कमी नाही. घोडबंदरच्या टेकड्यांकडील निचऱ्याची, मुरमाड जमीन मात्र सोनसावरीला मानवते.

जागा आधीच नीट ठरवणे शहाणपणाचे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष जतन कायद्यानुसार एकदा वाढलेले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना तोडता येत नाही.

रोपवाटिकेत रोप मिळाले नाही तर उन्हाळ्यात वाळलेल्या बोंडांतून कापसात गुंडाळलेले बी काढावे. त्याचे कवच टणक असते. ते वाळूच्या कागदावर हलके घासून रात्रभर पाण्यात भिजवावे. लागवड पावसाच्या आरंभी, किंचित उंचवट्यावर करावी, म्हणजे बुंध्याशी पाणी तुंबणार नाही. आळ्यात पालापाचोळा पसरावा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. त्यानंतर पाणी हळूहळू तोडावे. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवण्याचा मोह मात्र आवरावा. पहिल्या पावसाचे पाणी मुळांपर्यंत जाण्याची वाट तीच असते.