फोर्कचा कोन दिसतो, ट्रेल दिसत नाही

नोव्हेंबरात वागातोरला मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरतो, तेव्हा सर्वाधिक गर्दी असते ती फेरफार केलेल्या गाड्यांभोवती. पुढचे फोर्क लांबलचक, चाक हँडलपासून हातभर पुढे, असे काही समोर आले की आपल्याही गाडीचे रूप असे पालटून घ्यावे, हा मोह अनेकांना होतो. बघ्याच्या डोळ्यांना दिसतो तो फोर्कचा कोन. गाडी प्रत्यक्ष सांभाळते ते मात्र काही मिलिमीटरचे एक अदृश्य अंतर. गॅरेजमध्ये कोनाची चर्चा होते. त्या अंतराची क्वचितच.

हँडल ज्या दांड्याभोवती फिरते, त्या दांड्याने उभ्या रेषेशी केलेला कोन म्हणजे रेक. हा दांडा कल्पनेने खाली वाढवत नेला तर तो पुढच्या टायरच्या किंचित पुढे जमिनीला टेकतो. ती जागा आणि टायर रस्त्याला जेथे टेकते ती जागा, यांमधील अंतर म्हणजे ट्रेल. विमानतळावरील सामानाच्या ट्रॉलीची पुढची चाके पाहावीत. ट्रॉली ढकलली की ती वळून आपल्या खिळीच्या मागे सरळ लागतात. मोटारसायकलचे पुढचे चाकही याच रीतीने वळणाच्या अक्षाच्या मागे ओढले जाते. खड्ड्याने ते तिरके झाले, तरी ट्रेल त्याला पुन्हा सरळ रेषेत आणू पाहते. ट्रेल पुरेशी असेल तर गाडी वेगात स्थिर वाटते. फार कमी झाली तर हँडल हलके, चंचल होते आणि थोड्याशा निमित्ताने थरथरू लागते.

रेक वाढला की ट्रेलही वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. ट्रेल तीन गोष्टींवर ठरते: रेक, चाकाची त्रिज्या आणि ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस वळणाच्या अक्षापासून जितका पुढे आहे ते अंतर. ३०० मिमी त्रिज्येचे चाक, २७ अंश रेक आणि ५० मिमी ऑफसेट धरल्यास ट्रेल सुमारे ९७ मिमी भरते. ऑफसेट वाढवला की ट्रेल घटते. हार्ले-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या टूरिंग गाड्यांत फोर्क हँडलच्या दांड्याच्या मागे बसवलेले असतात. त्यामुळे २६ अंशांचा मध्यम रेक असूनही त्यांची ट्रेल १७० मिमीच्या आसपास जाते. कोनावरून स्वभाव ओळखता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण.

लांब फोर्कची हौस जगभर पसरली ती अमेरिकेतील चॉपर गाड्यांमुळे आणि १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने तिला चेहरा दिला. अशा गाडीसाठी कारागीर चौकटीची मान कापून रेक वाढवत. वरच्या उदाहरणात रेक ३७ अंश केल्यास ट्रेल ९७ वरून १६३ मिमीवर जाते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर अशी गाडी रुळावर धावल्यासारखी जाते. पण कमी वेगात हँडल थोडे वळवताच पुढचा भाग एका बाजूला कोसळू पाहतो आणि स्वाराला ते मनगटाच्या जोरावर धरून ठेवावे लागते. शिवाय इतक्या कललेल्या फोर्कवर धक्का नळीच्या रेषेत न बसता आडवा बसतो. नळ्या वाकतात, अडकतात आणि खड्डा थेट हातांत येतो. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातून अशी गाडी काढणे म्हणजे शिक्षाच.

जाणकार कारागिरांनी यावर उपाय काढला तो टीचा. फोर्क धरणारी ही टी अशी बनवायची, की फोर्क मानेच्या कोनापेक्षा आणखी चार-पाच अंश पुढे झुकतील. असे केल्याने चाक पुढे जाते, म्हणजेच ऑफसेट वाढतो आणि ट्रेल कमी होते. टीपासून आसापर्यंत ७०० मिमी लांबीचा फोर्क आणि ५ अंशांची टी असेल, तर १६३ मिमीची ट्रेल नव्वदीच्या आत येते. गाडी पुन्हा वळवण्याजोगी होते.

घात होतो तो हीच टी मूळ चौकटीवर बसवल्याने. मान कापायची नाही, वेल्डिंग नाही, नुसती टी बदलली की चॉपरसारखे रूप मिळते. ५५० मिमीच्या फोर्कवर या एका बदलाने ट्रेल ९७ वरून ४०-४५ मिमीपर्यंत घसरते. चाक पुढे गेलेले दिसते, म्हणून गाडी अधिक स्थिर झाली असे मालकाला वाटते. झालेले असते नेमके उलट.

अर्थात, आपल्याकडच्या रस्त्यांवर चॉपर मोजकेच. त्याहून पुष्कळ गाड्यांची भूमिती बदलते ती कोणाच्या लक्षातही न येता. कॅफे रेसरचे रूप हवे म्हणून फोर्क टीमधून इंचभर वर सरकवले जातात. चाकांच्या आसांमधील अंतर १४०० मिमी असेल तर रेक जवळपास एका अंशाने उतरतो आणि ट्रेल सहा मिमीने घटते. मागचे शॉकअप उंच घातले तरी परिणाम तोच. छोटे चाक बसवणे याहून महागात पडते. ३३० मिमी त्रिज्येच्या चाकाऐवजी ३००चे घातले, तर त्रिज्या घटल्याने ट्रेल कमी होते आणि पुढचा भाग खाली बसल्याने रेकही उतरतो. ११२ मिमीची ट्रेल नव्वदीवर येते. यांतील एखादा बदल गाडी पचवते. तिन्ही एकत्र आले की बेरीज धोक्याची होते, आणि ही बेरीज सहसा कोणी करत नाही.

त्यात ब्रेकची भर पडते. पुढचा ब्रेक दाबताच फोर्क दबतात, रेक उतरतो आणि ट्रेल त्या क्षणापुरती आणखी कमी होते. कारखान्यातून आलेल्या गाडीत यासाठी शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक आधीच खर्ची पडलेली गाडी पणजीच्या सपाट रस्त्यावर काहीच तक्रार करत नाही. चोर्ला घाटातून बेळगावकडे जाताना, पावसात, वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावावा लागला, की मग ती आपले खरे रूप दाखवते.

भूमिती बदलणे मुळात वाईट, असे मात्र नाही. साइडकार जोडलेल्या गाडीला झुकता येत नाही, ती हँडलनेच वळवावी लागते, म्हणून तिला कमी ट्रेल सोयीची. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळातील अर्ल्स फोर्कच्या गाड्यांत पुढच्या झुलत्या भुजेसाठी दोन जागा ठेवल्या होत्या. एक एकट्या गाडीसाठी, दुसरी साइडकारसाठी. बदल कारखान्यानेच मोजून दिलेला होता.

आपल्याकडे मान कापून वेल्डिंग करणे हा कायद्याचाही प्रश्न आहे. ब्रेक लावताना चौकटीवरचा मोठा ताण मानेवरच येतो आणि अनेक गाड्यांचा चासी क्रमांकही तेथेच कोरलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने आणि फोर्क उघडून पुन्हा बसवून घेणाऱ्याने निदान आपली ट्रेल मोजून ठेवावी. त्याला महागडे साधन लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी करून स्वाराला बसवावे आणि हँडल सरळ धरावे. फोर्कच्या नळीला मोबाइल टेकवून कोन घ्यावा. टी मूळची असेल तर नळी आणि दांडा समांतर असतात, तोच रेक. हँडलखालच्या मधल्या नटपासून दोन्ही फोर्कच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर हा ऑफसेट. चाकाचा आस नळीच्या पुढे काढलेला असेल तर तेवढे अंतर त्यात मिळवावे. आसाची जमिनीपासूनची उंची म्हणजे त्रिज्या. त्रिज्येला रेकच्या साइनने गुणावे, ऑफसेट वजा करावा आणि उरलेल्या संख्येला रेकच्या कोसाइनने भागावे, ट्रेल मिळते. हा आकडा निर्मात्याने दिलेल्या ट्रेलशी ताडून पाहावा. सेंटर स्टँडवर मात्र मोजू नये. तेथे एक ना एक चाक अधांतरी असते आणि कोन चुकीचा मिळतो.