विश्लेषण : एका चित्रपटाने जगप्रसिद्ध झालेल्या सोविएत अभिनेत्रीची कारकीर्द मोजकीच का राहिली?

१९५८ च्या कान महोत्सवात ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ने सर्वोच्च ‘पाम डोर’ पुरस्कार पटकावला आणि २४ वर्षांच्या तातियाना सामोइलोव्हा रातोरात जगाला माहीत झाल्या. परीक्षकांनी त्यांचा विशेष उल्लेखही केला. हा मान मिळवणारा तो एकमेव सोविएत चित्रपट. तरीही त्यानंतर त्यांच्या वाट्याला फार थोड्या मोठ्या भूमिका आल्या.

सामोइलोव्हा कोण होत्या?

जन्म ४ मे १९३४ चा, लेनिनग्राडमधला. वडील येव्हगेनी सामोइलोव्ह हे नामवंत अभिनेते. त्यामुळे अभिनय घरातच होता. दिग्दर्शक मिखाइल कालातोझोव्ह यांनी १९५७ च्या या चित्रपटात त्यांना व्हेरोनिकाची भूमिका दिली आणि चित्र पालटले.

व्हेरोनिका वेगळी का ठरली?

स्टालिन यांच्या काळातील युद्धपटांत नायिका बहुधा निष्ठावान आणि खंबीर असे. व्हेरोनिका तशी नाही. प्रियकर बोरिस आघाडीवर जातो, बॉम्बहल्ल्यात तिचे आईवडील जातात आणि ती बोरिसच्याच चुलतभावाशी लग्न करते. चित्रपट तिला खलनायिका ठरवत नाही. तिची घुसमट आणि अपराधी भावना दाखवतो. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावलेल्या देशात अशी नायिका अनेकांना खटकली, तर अनेकांना ती आपलीच वाटली.

हे तेव्हाच शक्य का झाले?

१९५३ मध्ये स्टालिन यांचे निधन झाले. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी त्यांच्या राजवटीवर पक्षाच्या अधिवेशनात टीका केली. त्यानंतर कलेवरील बंधने काहीशी सैल झाली. युद्धातील विजयाऐवजी माणसाचे वैयक्तिक दुःख पडद्यावर मांडता येऊ लागले. छायाचित्रकार सेर्गेई उरुसेव्हस्की यांच्या हातातल्या कॅमेऱ्याने सामोइलोव्हांचा चेहरा अगदी जवळून टिपला. शेवटी स्थानकावर बोरिससाठी आणलेली फुले ती परतणाऱ्या अनोळखी सैनिकांना वाटते, तो प्रसंग आजही अनेकांना आठवतो.

मग परदेशी चित्रपटांचे काय?

सोविएत कलाकाराला परदेशी निर्मात्याशी परस्पर करार करता येत नसे. सरकारी यंत्रणेची परवानगी लागे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील प्रसिद्धीचे रूपांतर तिथल्या कारकिर्दीत झाले नाही. त्यांनी हंगेरीत ‘अल्बा रेजिया’ (१९६१) केला, तसेच इटलीबरोबरच्या सहनिर्मितीत भूमिका केली. मायदेशात सैबेरियात हिरे शोधणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांवरील ‘लेटर नेव्हर सेंट’मध्ये त्या पुन्हा कालातोझोव्ह आणि उरुसेव्हस्की यांच्याबरोबर दिसल्या.

दुसरी मोठी भूमिका कोणती?

१९६७ चा ‘अ‍ॅना कॅरेनिना’. दिग्दर्शक अलेक्सांद्र झार्खी. यात व्रॉन्स्की साकारणारे वासिली लानोव्होय हे त्यांचे पूर्वाश्रमीचे पती. रशियन प्रेक्षकांच्या मनात टॉलस्टॉयच्या अ‍ॅनाला दीर्घकाळ सामोइलोव्हांचाच चेहरा राहिला. मात्र यानंतर मध्यवर्ती भूमिका विरळ होत गेल्या.

त्यांचे महत्त्व काय?

४ मे २०१४ रोजी, ८० व्या वाढदिवशीच, मॉस्कोत त्यांचे निधन झाले. त्यांचे चित्रपट मोजकेच. पण युद्धात न लढताही सर्वस्व गमावलेल्या स्त्रीला त्यांनी सोविएत पडद्यावर चेहरा दिला. चुकणारी व्यक्तीही सहानुभूतीला पात्र असते, हे त्यांची व्हेरोनिका सांगून गेली.