दिल्ली दरवाजाचे खिळे

पुण्यात मुठा नदीच्या दक्षिण काठाजवळ उभा असलेला शनिवारवाडा बोलण्यात वाडा असला, तरी त्याची बाह्य रचना भुईकोटाची, म्हणजे सपाट जमिनीवर तटबुरूज घालून उभारलेल्या किल्ल्याची आहे. याच काठावर कसब्याच्या बाजूस त्याआधी एक जुना कोट होता आणि सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्याची धूळधाण केली, तेव्हा तोही पाडला गेला. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. तटाचे काम मात्र नानासाहेबांच्या कारकिर्दीपर्यंत लांबले. या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. दगडी कोट बांधणे हा छत्रपतींचा मान असल्याने साताऱ्याहून हरकत आली आणि उरलेले काम विटांत उरकावे लागले, अशी त्यामागची आख्यायिका आहे.

नऊ बुरूज आणि पाच दरवाजे असलेल्या या तटात अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा तो उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजाला. त्याच्या प्रत्येक कवाडावर नऊ गुणिले आठ अशा मांडणीत बहात्तर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले असून, त्यांची उंची हत्तीचे गंडस्थळ जिथे येईल तिथे नेमकी धरलेली आहे. कारण दरवाजा फोडण्यासाठी हत्तीला धडक द्यायला लावणे ही त्या काळी वेढा घालणाऱ्यांची रूढ रीत होती. खिळ्यांखेरीज कवाडांना आडव्या पट्ट्यांचा आधार आहे आणि कडांवर निमुळत्या डोक्यांचे बोल्ट बसवलेले आहेत. नित्याच्या ये-जेकरता उजव्या कवाडात दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या पोटातला माणसापुरता लहान दरवाजा ठेवलेला आहे, ज्यातून जमावाला एकदम आत घुसता येत नाही. कवाडे फुटलीच, तरी पुढची वाट सरळ नाही: आत शिरणाऱ्याला आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळावे लागते, त्यामुळे धावून येणाऱ्या फौजेचा वेग तिथेच मोडतो आणि पहारेकऱ्यांना दुसरी संधी मिळते. या सगळ्याच्या माथ्यावर नगारखाना आहे.

इतकी काळजी घेणाऱ्या बांधणाऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत मात्र चकित करणारी बेफिकिरी दाखवली. नदी हाकेच्या अंतरावर असूनही, नानासाहेबांच्या काळात बांधलेल्या कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने, म्हणजे जमिनीखालच्या बांधीव पाटाने, केवळ उताराच्या बळावर शहरातल्या हौदांपर्यंत आणि वाड्यापर्यंत आणले गेले. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे वाड्याच्या वैभवात गणले जाई. पाणी आणण्याची ही योजना अभियांत्रिकीदृष्ट्या कौतुकाची असली, तरी कात्रजपर्यंतचा हा नळ वेढा घालणाऱ्याला कुठेही तोडता आला असता, आणि हत्तीचा विचार करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसेल, असे मानणे कठीण आहे. तटाचा उपयोग लढण्यापेक्षा दरारा बसवण्यासाठी अधिक होता, असेच यावरून म्हणावे लागते.

इतिहासही तेच सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो पगारी गारद्यांच्या हातून. त्यासाठी कोणाला तट फोडावा लागला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून पाहिली, पुढे येरवड्याच्या चकमकीनंतर त्यांनी पुणे सोडले आणि १७ नोव्हेंबरला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. आतल्या लाकडी इमारती २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत गेल्या. आज आत उरली आहेत ती बहुतांशी जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, आणि तट तेवढा उभा आहे.

त्या तटाचा खरा जाच आज भोगावा लागतो तो शेजाऱ्यांना. वाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, तर त्यापुढच्या २०० मीटरमध्ये त्यासाठी परवानगी लागते. मोकळ्या माळावरच्या लेण्याला हा नियम शोभतो; इथे मात्र शंभर मीटरच्या आत कसबा आणि शनिवार पेठेतली दाट वस्ती येते, जिथल्या जुन्या वाड्यांची लाकडे कुजली आहेत आणि भिंती फुगल्या आहेत. दुरुस्तीची वाट परवानगी घेऊन खुली आहे, पण दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली इमारत पाडून नवी बांधायची, तर कायदा आडवा येतो; त्यात मालक आणि जुने भाडेकरू यांचा वाद असला की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरच वर्षे जातात. अंतर शिथिल करावे, तर तटाभोवती उंच इमारती उठून नदीकडून दिसणारा उरलासुरला कोट झाकला जाईल, ही भीतीही खोटी नाही. सरसकट शंभर मीटरची रेघ ओढण्याऐवजी पेठांतल्या घरांची उंची, पाया आणि दर्शनी भाग यांचे नियम ठरवून पुनर्बांधणीस वाव देणे शक्य आहे, आणि स्मारकानुसार उपविधी, म्हणजे त्या-त्या जागेपुरते पोटनियम, करण्याची तरतूद कायद्यात आहेच. मात्र जोवर मूळ शंभर मीटरची बंदी कायद्यात कायम आहे, तोवर हे पोटनियम तटालगतच्या घरांना फारसे उपयोगी पडणार नाहीत.