हमीच्या मुदतीतील गाडी आणि तपासणीचा खर्च



यंत्राचे आजार दोन तऱ्हेचे असतात. टायर फुटला किंवा पट्टा तुटला, तर तो आजार सर्वांना दिसतो. दुसरा आजार पाळीच्या तापासारखा असतो. ताप भरला की माणूस थरथर कापतो आणि डॉक्टरपुढे नेईपर्यंत अंग गार! मोटारीचेही तसेच. राळेगावहून कळंबमार्गे यवतमाळला जाताना गाडी दोनदा बंद पडते, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पण वर्कशॉपच्या दारात ती अगदी गुणी लेकरासारखी चालते. मिस्त्री म्हणतो, “गाडीत काही दोष दिसत नाही. तपासणीचे मात्र पैसे होतील.” गाडी तर अजून हमीच्या, म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत आहे. मग हे पैसे भरायचे कोणी?

याचे उत्तर शोधायचे तर हमी म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. मालात किंवा बांधणीत दोष असलेला भाग आम्ही फुकट दुरुस्त करू वा बदलून देऊ, एवढेच वचन कंपनी साधारणपणे देते. गाडीला कधी त्रासच होणार नाही, असे ती म्हणत नाही; आणि दोष शोधण्याची मजुरी कोणाची, याबद्दल हमीपत्र पुष्कळदा गप्प असते. सारा वाद येथेच उगवतो. तपासणीत कंपनीच्या भागाचा दोष निघाला, तर शोधण्याचा खर्चही कंपनीने सोसणे रास्त होय. उंदराने वायर कुरतडली, टाकीत भेसळीचे इंधन गेले किंवा बाहेरून बसवलेल्या दिव्याने घोटाळा केला, तर तो खर्च आपला. पण काहीच निघाले नाही तर? पैसेही जातात, दोषही राहतो आणि हमीची मुदत मात्र दिवसादिवसाने सरत असते.

दोष लपतो कसा, तेही पाहा. वायरींचा जोड थोडा सैल असतो, त्यावर गंज चढतो, किंवा एखाद्या डाकाला केसाएवढी चीर पडते. इंजिन तापले, रस्त्याचे हादरे बसले किंवा पावसाची ओल शिरली, की तेवढ्यापुरता वीजप्रवाह तुटतो. गाडी थंड झाली की जोड पुन्हा जुळतो. म्हणून थंड गाडी उभ्याउभ्या तपासून हा चोर सापडत नाही.

परंतु आजच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. दोष घडला की तो त्याचा सांकेतिक अंक आपल्या स्मरणात ठेवतो. कित्येकदा त्या क्षणी इंजिन किती तापले होते, गाडीचा वेग किती होता, हेही टिपतो. वर्कशॉपमधील यंत्र ही नोंद वाचते. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वाटेत गाडी अडली की कोणी तरी सांगतो, “बॅटरीची वायर काढा अन् पुन्हा लावा, झालं!” गाडी चालूही होते, पण पुष्कळ गाड्यांत त्यासरशी ती नोंद पुसली जाते. आपल्या हाताने आपला पुरावा गेला!

तेव्हा करावे काय? गाडीत एक वही ठेवा. दोष दिसला की तारीख, किलोमीटरचा आकडा, इंजिन थंड होते की तापलेले, पाऊस होता का, एवढे लिहा. दिवा लागला असेल तर गाडी बाजूला थांबवून मोबाइलवर त्याचे चित्र घ्या. ज्यांना लिहिण्याची सवय नाही, त्यांना गावच्या गुरुजींनी ही चार ओळींची मदत जरूर करावी.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्या आणि प्रत मागा. “दोष आढळला नाही” असे म्हणतील, तर तेही लिहून मागा. मुदतीच्या आत तक्रार केली होती, याला हाच कागद साक्षी राहतो. आणि गाडीला हात लागण्यापूर्वी विचारा: “दोष निघाला तर तपासणीचे पैसे कोणाचे? न निघाल्यास किती? पुढे हाच दोष हमीत निघाला, तर आज भरलेले परत मिळतील का?” उत्तर तोंडी नको, लेखी हवे. मिस्त्रीला गाडी तापेपर्यंत सोबत फिरवण्याचा आग्रह धरा.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते; म्हणजे राळेगावच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालायला नकोत, यवतमाळ पुरे. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत हवी. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या व स्वतः चालवलेल्या ट्रॅक्टरचा मालकही ग्राहकच ठरतो. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मात्र कायद्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हमीच्या अटींकडे बोट दाखवून दोषी भाग बदलून देण्यास मान्यता दिली. अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. शिवाय परीक्षेवाचून दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण त्या परीक्षेची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. म्हणजे तपासणीचा प्रश्न तेथेही आपल्यापुढे उभाच!

म्हणून सांगणे एवढेच, की दिसून नाहीशा होणाऱ्या दोषाला साक्षीदार आपणच उभा करावा लागतो. दहा रुपयांची वही आणि जॉबकार्डाची एक प्रत, एवढ्यावर पुष्कळदा हजारोंचा खर्च कोणाच्या माथी बसायचा, ते ठरते.