भीमगीताला चित्र देताना

जयंती जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या वस्त्यांमधून वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. पूर्वी त्या पैशातून गायनपार्टी ठरायची. मग कॅसेटी आल्या, डीजे आला. आता मंडळांना स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ हवा असतो, तोही ॲनिमेशनचा. हौस वाईट नाही. पण ॲनिमेटरच्या हातात आपण देतो काय? एक गाणे, बाबासाहेबांचा एक फोटो आणि ‘भारी करा’ एवढी एकच सूचना!

मग तो बिचारा काय करणार? आकाश फाटते, निळे किरण येतात, ढगांतून बाबासाहेब उतरतात, डोक्यामागे प्रभावळ फिरते. कालच त्याने कुठल्या तरी देवाच्या भक्तिगीताचे काम उरकलेले असते. तेच ढग, तेच किरण, फक्त रंग बदललेला. आता तर संगणकाला दोन ओळी सांगितल्या की असे चित्र मिनिटात मिळते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ज्यांनी राजकारणातील भक्तीबद्दल देशाला बजावले, त्यांनाच आपण पैसे मोजून अवतार करून घेत आहोत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांना हे शोभते का?

साताऱ्याच्या मंडळांना तर विषय शोधत हिंडायची गरजच नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. पुढच्याच वर्षी ते, त्यांचे भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले खटाव तालुक्यातील गोरेगावी वडिलांकडे निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीतून मसूरला उतरली. वडिलांना पाठवलेले पत्र शिपायाने दिलेच नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. कपड्यांवरून मुले चांगल्या घरची वाटली, तेव्हा स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. जवळ जेवण होते, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. मुले तहानलेलीच झोपली.

हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. यात ढग कुठे आहेत? जरीची टोपी आहे, कोरडे भांडे आहे, बदललेला चेहरा आहे. चित्रकाराला आणखी काय हवे?

हे जमते, याचा दाखलाही आहे. २०११ साली नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक काढले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने याच आठवणी चितारल्या. त्यात आपुलकीचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर जातीचे विखारी शब्द विंचवाच्या नांगीसारख्या शेपटीने. कलावंताला खरा मजकूर दिला आणि त्याच्या हाताला मोकळीक दिली, की असे काही निर्माण होते.

सांगलीकरांना तर घरचाच धडा आहे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा बाज घेतला, पण गणातला गणपती काढून तिथे मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले. साचा लोकांच्या ओळखीचा, आशय मात्र आपला. व्हिडिओचा साचा बाजाराचा असेना का!

आता व्यवहाराचे. पाच मिनिटांचे गाणे म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने ७,२०० चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी ३,६०० चित्रे. हाताने काढायची तर काम किती, याचा अंदाज यावा. संगणकावर डोके-हात वेगळे करून हलवता येतात, त्यामुळे श्रम वाचतात, पण फुकट काही होत नाही. ‘समाजाचे काम आहे, पैशाचे काय बोलता’ हे वाक्य आपल्याच पोरांना ऐकवणे बंद केले पाहिजे. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा हे शिकून आला असेल, तर त्याला पहिला आगाऊ हप्ता द्यावा आणि मगच गाण्यावर बेतलेली कच्ची चित्रे मागावीत. बदल सांगायचे ते तेव्हाच सांगावेत. रंग भरून झाल्यावर अध्यक्षांचा फोटो घुसवायला लावू नये.

करार मात्र लेखी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक काम देणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. बऱ्याच कंपन्या छापील कागदावर सही घेतात आणि गाणे त्यांचे होऊन जाते. कॅसेटच्या काळात आपल्या गायकांनी हेच भोगले. गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील स्वामित्वधनाचा समान वाटा सोडून देता येत नाही, अशी दुरुस्ती २०१२ साली झाली. आपल्या शाहिरांपैकी किती जणांना हे कुणी सांगितले? मूळ चित्रांच्या फायलीही मागून घ्याव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरे कडवे जोडता येते.

आणि हे काम मार्चअखेर घाईने देऊ नये. चौदा एप्रिलला व्हिडिओ हवा असेल तर मंडळाची बैठक सात नोव्हेंबरलाच घ्यावी. साताऱ्यात तरी त्या दिवशी प्रतापसिंह हायस्कूलकडे माणसे जमतातच.