वखारीतील वाटाड्या

पूर्वी गावातील शिंपी सदरा शिवी, तेव्हा तो कोणासाठी शिवावयाचा हे त्याला आधीच ठाऊक असे. अंगाचे माप घ्यावे, कापड बेतावे, शिवावे आणि ज्याचे त्याच्या हाती द्यावे, एवढाच त्या वस्त्राचा प्रवास. तयार कपड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. असा सदरा कोणाच्या अंगावर चढणार, हे शिवणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. एकाच धाटणीचा सदरा पाच मापांत आणि चार रंगांत काढला, तर त्याचे वीस प्रकार होतात. मग शेकडो धाटणींचे कपडे शेकडो दुकानांना पाठवावयाचे असतील, तर त्यांची वाटणी केवढी बिकट! निळ्या लहान सदऱ्याच्या जागी निळा मोठा सदरा गेला, तर दूरच्या कोण्या गावी एखादे मूल दुकानातून हिरमुसले होऊन परतते.

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तेथील ला कोरुन्या या शहरात १९७५ साली ‘झारा’ या नावाचे कपड्यांचे एक दुकान उघडले. पुढे त्याच्या शाखा देशोदेशी निघाल्या. शहराजवळच्या आर्तेइशो या गावी त्या दुकानांची मुख्य कचेरी आणि प्रचंड वखार आहे. जवळपासच्या कारखान्यांतून भुयारी मार्गांनी कपडे या वखारीत येतात आणि दुकानांकडे आठवड्यातून दोनदा नवा माल रवाना होतो. एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. पेहरावाची आवड ही ताज्या भाजीसारखी असते. थंडी सरल्यावर पोचलेला लोकरी कोट कितीही सुंदर असला, तरी त्याला कोण विचारणार?

हे काम केवळ माणसांनी करावयाचे म्हटले, तर हातात यादी घेऊन त्यांना फळ्या-फळ्यांतून दिवसभर हिंडावे लागते. चालून पाय थकतात, वाचून डोळे शिणतात आणि शिणलेल्या डोळ्यांना ३८ आणि ३९ सारखेच दिसू लागतात. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवावे, असा विचार पुढे आला. परंतु यंत्राला सदरा आणि परकर यांतील भेद कसा कळावा? त्यावर युक्ती निघाली ती अशी की, यंत्राने कपडा ओळखूच नये; त्याने केवळ कपड्यावरील क्रमांक वाचावा. टपालाचेही असेच असते. आपल्या देशात श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. गावाच्या नावात घोटाळा झाला, तरी ते सहा अंक पत्राला योग्य वाटेने नेतात.

कपड्यावरील क्रमांक यंत्राला वाचता यावा, म्हणून तो काळ्या-पांढऱ्या उभ्या रेषांच्या रूपाने छापतात. या चिन्हाला बारकोड म्हणतात. तुमच्या वहीच्या किंवा बिस्किटांच्या पुड्यावरही तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या जन्माची कथा मौजेची आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड हे अमेरिकन गृहस्थ १९४९ साली मायामीच्या समुद्रकिनारी बसले असता तारायंत्राच्या ठिपक्या-रेघांच्या लिपीचा विचार करीत होते. सहज त्यांनी वाळूतून बोटे ओढली. वाळूत उमटलेल्या त्या रेघांकडे पाहता पाहता, जाड आणि बारीक रेषांनी अंक लिहिता येतील, हे त्यांच्या मनात चमकून गेले. बर्नार्ड सिल्व्हर या सहकाऱ्यासह त्यांना १९५२ साली या शोधाचे पेटंट मिळाले. तथापि रेषा वाचणारा योग्य प्रकाश आणि स्वस्त संगणक तेव्हा उपलब्ध नव्हते. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावच्या दुकानात च्युइंग गमचे एक पाकीट या रीतीने प्रथम विकले गेले. वाळूतील रेघांना दुकानात पोचावयास पंचवीस वर्षे लागली!

या रेषांवर प्रकाशाचा किरण फिरला म्हणजे काळी रेषा तो शोषून घेते आणि पांढरी जागा तो परतवून लावते. परतलेल्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून संगणक अंक ओळखतो. बहुधा हे अंक तेरा असतात. त्यांतील शेवटचा अंक म्हणजे जणू रखवालदारच होय. पहिल्या बारा अंकांना क्रमाने १ आणि ३ यांनी आलटून पालटून गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि ती बेरीज दहाच्या पटीत येण्यास जेवढे कमी पडते, तेवढा अंक शेवटी लिहावा, असा नियम आहे. यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला, तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक तेथल्या तेथे उघडकीस येते.

आता प्रत्यक्ष वाटणी पाहू. लांबलचक फेऱ्यात एकामागून एक तबके अखंड फिरत असतात. कामकरी प्रत्येक तबकावर घडी केलेला एकेक कपडा ठेवतो. वाटेतील कमानीखाली बारकोड वाचला जातो आणि तो कपडा कोणत्या दुकानाचा, हे संगणक आपल्या यादीत पाहतो. फेऱ्याच्या कडेला घसरगुंड्या असतात आणि प्रत्येक घसरगुंडी एकेका दुकानासाठी राखलेली असते. तबके किती पुढे सरकली याची मोजणी चालूच असते. नेमकी घसरगुंडी समोर येताच तबक एका अंगाला कलते आणि कपडा अलगद खाली उतरतो. तेथे पेटी भरली की दिवा लागतो. कामकरी ती बंद करून दुसरी लावतो. ज्या कपड्यांची घडी घालावयाची नसते, ते हँगरला लटकूनच छताजवळच्या रुळांवरून पुढे सरकतात. २०१४ पासून झाराच्या कपड्यांवर रेडिओ लहरींनी ओळख सांगणारी चकतीही वापरात आली आहे. ती वाचण्यासाठी ती डोळ्यांसमोर धरण्याचीही गरज पडत नाही.

एवढे कौशल्य असले, तरी या वाटाड्याला कपडा म्हणजे काय हे मुळीच कळत नाही. चिठ्ठीच चुकीची लावली असेल, तर तो निमूटपणे कपडा चुकीच्या गावी पोचवितो, आणि तोही मोठ्या अचूकपणाने! गिऱ्हाइकाने परत केलेल्या सदऱ्याला डाग पडला आहे काय, त्याची गुंडी तुटली आहे काय, हे पाहावयास अजूनही माणसाचेच डोळे आणि माणसाचीच बोटे उपयोगी पडतात.

यंत्रामुळे कामकऱ्याची दिवसभराची पायपीट वाचली, हा लाभ खराच. परंतु यंत्र थांबत नाही, म्हणून त्यापुढे उभ्या असलेल्या माणसालाही हात थांबविता येत नाही. शिवाय पूर्वी जे काम अनेकांना मिळे, ते आता थोडक्यांत भागते. तेव्हा यंत्राचा वेग माणसाला पेलेल एवढाच ठेवावा, त्याला विसावा मिळावा आणि ज्यांचे काम गेले त्यांना नवे काम शिकविले जावे, याची काळजी यंत्र घेणार नाही. ती माणसांनीच घ्यावयाची आहे.

दुकानात नवा सदरा हाती आला म्हणजे त्याच्या चिठ्ठीवरील रेषांकडे क्षणभर पाहावे. त्या रेषांनी त्याला दूरची वाट दाखविली खरी. पण ती चिठ्ठी योग्य सदऱ्यावर लागावी, म्हणून कोठेतरी कोणीतरी नीट लक्ष दिले होते.