खोली सुटली, घर आले. आता कागद सांभाळा!

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली आणि संडास सामाईक. त्या एका खोलीत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. मुलांनी पॅसेजमधल्या दिव्याखाली अभ्यास केला.

आता म्हाडाच्या पुनर्विकासात भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमची नजर आधी कागदावर जाते. अनेक घरांत भाडेपावती अजून वारलेल्या आजोबांच्या नावे आहे. खोली भाड्याची होती तोवर सख्खे भाऊ एका ताटात जेवले. घर मालकीचे होताच बोलेनासे झाले, हेही आम्ही पाहिले.

म्हणून बंधू-भगिनींनो, भाडेपावत्या, मृत्यूचे दाखले, वारसाचे कागद आणि रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा. भावा-बहिणींनी एकत्र बसून काय ते आजच ठरवा आणि लिहून ठेवा. घरावर पत्नीचे नाव लागेल का, याची चौकशी करा. स्त्रीला मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक कारण होते. त्यांची तसबीर नव्या भिंतीवर लावताना एवढे तरी आठवू या.